शेजारच्या सीटवरचे मास्तर

मास्तरांनी अख्ख्या गावाला गाडी चालवायला शिकवलं होतं. बँकेचा मॅनेजर त्यांच्याकडेच शिकला, मॅनेजरने कर्ज नाकारून परत पाठवलेला शिंपीही त्यांच्याकडेच शिकला, आणि त्या शिंप्याची सासू तर इतकी झटपट शिकली की पुढे जावयालाच सूचना द्यायला लागली. गाडी एकच, पांढरी, खुळखुळणारी, टपावर 'शिकाऊ'ची पाटी मिरवणारी. आणि त्या गाडीत मास्तरांची जागाही एकच. शिकणाऱ्याच्या शेजारची. तिथे त्यांच्या पायाखाली एक जादाचा ब्रेक बसवलेला होता, आणि शिकणाऱ्याने घोळ घातला की मास्तरांचा पाय आपोआप त्याच्यावर पडायचा.

हा पाय पुढे त्यांच्या ताब्यात राहिलाच नाही. बसमध्ये बसले तरी तो ब्रेक शोधायचा. दाताच्या डॉक्टरकडे खुर्ची मागे झुकायला लागली की तो ब्रेक दाबायचा. बायको म्हणायची, "झोपेतसुद्धा ब्रेक मारतात. खोटं वाटत असेल तर माझी पोटरी बघा."

अशा या माणसाच्या मनात एक गाडी होती.

लहानपणी न्हाव्याच्या दुकानात भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यातल्या एका महिन्यावर ती उभी होती. दोन सीटची, वर छप्पर नाही, लांब नाक, तारांची चाकं, आणि रंग बाटलीच्या काचेसारखा गर्द हिरवा. महिना संपला, वर्ष संपलं, न्हाव्याने पान काही उलटलं नाही. त्यालाही ती आवडली असावी. केस वाढले नसतानाही पोरगं कापायला येऊन बसायचं आणि मान खाली घालायला सांगितली तरी डोळे वरच ठेवायचं. त्यामुळे लहानपणीच्या सगळ्या फोटोंत मास्तरांचे केस एका बाजूला तिरपे आहेत.

देव माणसाच्या मनात एखादी इच्छा ठेवतो, आणि आपल्याला वाटतं तो ठेवून विसरला. तो कसला विसरतो! आपणच तिच्यावर संसाराचं पांघरूण घालतो. आधी घर, मग मुलीचं शिक्षण, मग छताची गळती. इच्छा बिचारी खाली गप्प पडून राहते. पण पांघरूण काढून बघावं, तर तशीच टवटवीत, डोळे उघडे ठेवून.

मास्तरांनी शिकवणं थांबवलं, पांढरी गाडी दुसऱ्याला दिली, आणि त्याच आठवड्यात जेवताना म्हणाले, "मी ती घेणार."

बायको पडदे शिवायची. तोंडात टाचण्या असायची सवय, त्यामुळे तिचं बोलणं मोजकं आणि टोचणारं. कोण ती, असं तिने विचारलं नाही. संसारात इतकी वर्षं काढलेल्या बाईला ते विचारावं लागत नाही.

"घ्या एकदाची," ती म्हणाली. "नाहीतर आजारी पडलात की डॉक्टरलाही तीच गोष्ट सांगत बसाल. पण लवकर घ्या. गुडघे बघा तुमचे."

गुडघ्यांचंच खरं होतं. ती गाडी इतकी बुटकी की तिच्यात चढायचं नसतं, उतरायचं असतं. आत्ता मास्तर तिच्यात उतरू शकत होते आणि थोडं कण्हून बाहेरही येऊ शकत होते. आणखी काही वर्षं गेली, तर आत गेलेला माणूस गाडीसकटच राहणार. शिवाय तशा गाड्या उरल्या होत्या तरी किती? घ्यायची तर आत्ता, नाहीतर नाहीच.

शोध सुरू झाला. बरोबर मेहुणा. मेहुण्याचं रंगाचं दुकान होतं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्याचं मत होतं.

पहिली गाडी एका चकचकीत शोरूममध्ये सापडली. हिरवी, झळझळीत, आरशासारखी. मास्तरांचे डोळे भरून आले. मेहुण्याने खिशातून फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक काढलं, एक छोटं पिवळं बदक, आणि गाडीच्या दाराला लावलं. बदक खाली पडलं. पुढच्या मडगार्डवर लावलं. पडलं. मागे लावलं, तिथेही पडलं.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "ही गाडी नाही, केक आहे. आतला पत्रा केव्हाच गेला. भोकांत लांबीचा लगदा भरून वर रंग फासलाय."

"आमची गाडी उत्तम आहे," विक्रेता म्हणाला.

"बदकाला सांगा," मेहुणा म्हणाला.

दुसरी गाडी गावाबाहेरच्या एका गोठ्याला लागून असलेल्या पडवीत मिळाली. पत्रा खरा, इंजिन खरं, फक्त चालकाच्या सीटवर एक कोंबडी खुडूक बसलेली.

"गाडी देतो," मालक म्हणाला, "पण ती उठेपर्यंत थांबावं लागेल."

"उचलून बाजूला ठेवा ना."

"तुम्ही उचला," मालक म्हणाला, आणि हाताला बांधलेली पट्टी दाखवली.

मास्तरांनी कोंबडीकडे पाहिलं. कोंबडीने मास्तरांकडे पाहिलं. असली नजर त्यांनी फक्त शिंप्याच्या सासूची पाहिली होती. पुढे अंडी फुटली, पिल्लं निघाली, तोवर मालकाच्या बायकोने ठरवून टाकलं होतं की खुराडं म्हणून याहून चांगली वस्तू मिळायची नाही. गाडी विकायची नाही.

तिसरीचा पत्ता बायकोने आणला. मोठ्या खिडक्यांचे पडदे लावायला ती एका घरी गेली होती. घर गुरांच्या एका निवृत्त डॉक्टरणीचं. एकटी राहणारी, ऐंशीच्या घरातली, आवाज असा की लांबच्या कुरणातला बैल थांबावा. पडदे लावता लावता मागच्या खिडकीतून बायकोला शेड दिसली, शेडमध्ये हिरवं नाक दिसलं, आणि तिच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या.

"ती गाडी मी चाळीस वर्षं गोठ्यांत नेली," डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं. "गाय अडली की फोन यायचा. शेजारच्या सीटवर बॅग आणि रबरी बूट. लोकांना वाटायचं, ही बाई कुठे पार्टीला चाललीय. आता डोळे गेले. कडेचं दिसतं, मधलं पुसल्यासारखं झालंय. तुमचा चेहरा दिसत नाही मला, कान दिसतात. चांगले आहेत."

"विकणार?"

"विकीन. माणूस बघून."

माणसं येऊन गेली होती. एक म्हणाला, रंग लाल करीन. त्याला बाईंनी चहासुद्धा दिला नाही. दुसरे एक साहेब दोनदा आले. त्यांच्याकडे जुन्या गाड्यांनी भरलेला अख्खा हॉल होता. गालिच्यावर उभ्या, भोवती दोऱ्या, एकीच्याही टाकीत पेट्रोल नाही. बाई त्यांना म्हणाल्या, "माझी गाडी म्हणजे फुलदाणी नव्हे." साहेब हसले, आणि पुन्हा येतो म्हणाले.

मास्तर गेले ते इस्त्रीचा शर्ट घालून, एखाद्या मुलीला मागणी घालायला जावं तसे. शेडचं दार सरकलं. ती उभी होती. रंग जागोजागी विटलेला, नाकावर खरचटलेलं, सीटच्या चामड्याला भेगा, आणि आत जुन्या चामड्याचा, तेलाचा नि थोडासा गोठ्याचा वास. मेहुण्याने बदक लावलं. बदक घट्ट बसलं. मेहुण्याने आयुष्यात पहिल्यांदा काही मत दिलं नाही.

"किल्ली घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मागे जनावरांच्या बाजाराचं मैदान आहे. बाजार बंद पडला, आता तिथे कुत्रंसुद्धा फिरकत नाही. फेरी मारून दाखवा. मी शेजारी बसते आणि ऐकते. कशी चालवता ते मला ऐकून कळतं."

ज्या घटकेची वाट पाहण्यात मास्तरांचे केस काळ्याचे पांढरे झाले ती घटका समोर उभी, आणि डोकं रिकामं. डोकं रिकामं झालं की माणूस काय करतो? सवय सांगेल ते करतो. मास्तर गाडीला वळसा घालून गेले, दार उघडलं, कण्हत आत उतरले, दार लावून घेतलं, पट्टा आवळला आणि समोर बघत बसले.

शेजारच्या सीटवर.

मेहुण्याने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

डॉक्टरबाई चाचपडत आपल्या ठरलेल्या दाराशी आल्या, तर तिथे माणूस. "अहो, तुम्ही इथे बसलात तर चालवायचं कोणी? मी?"

आणि मास्तरांच्या तोंडून, त्यांनी ठरवलेलं नसताना, हजारो वेळा उच्चारलेलं वाक्य बाहेर पडलं.

"हो. बसा. घाबरायचं काही कारण नाही. आधी सीट पुढे घ्या."

मेहुणा पुढे धावला, "भाऊजी, अहो, त्यांना दिसत नाही!" पण डॉक्टरबाईंनी त्याला हाताने बाजूला केलं. त्यांचा चेहरा पार बदलला होता. वळसा घालून त्या चालकाच्या बाजूला गेल्या, आत बसल्या, आणि लाकडी चाकावर दोन्ही हात ठेवून क्षणभर नुसत्या बसून राहिल्या.

मास्तर आता भानावर आले होते. त्यांनी पायाखाली चाचपलं. ब्रेक नव्हता. मधे हातब्रेक होता, त्याच्या दांडीवर त्यांनी मूठ ठेवली. देवाचं नाव घेतलं. मग म्हणाले, "क्लच हळू सोडा. मी तुमचे डोळे. मी सांगेन तेवढंच."

इंजिन घशातून बोलल्यासारखं बोललं, आणि हिरवी गाडी उन्हात आली.

"सरळ. सरळच. आता थोडं माझ्याकडे. बास. समोर मोकळं आहे."

"दुसरा गिअर टाकू?"

"टाका."

बाईंनी दुसरा टाकला तो असा, की गाडीला कळलंसुद्धा नाही. मैदानाला एक वळसा झाला, दुसरा झाला. डॉक्टरबाईंचे पांढरे केस वाऱ्यावर उभे राहिले होते आणि त्या हसत होत्या, जोरात, बैल थांबवणाऱ्या त्या आवाजात. मास्तरही हसत होते. मूठ मात्र दांडीवर होती.

खाली उतरल्यावर बाई म्हणाल्या, "ठरलं."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

"गाडी विकायची नाही," बाई म्हणाल्या. "आता कशाला विकू? मला चालवता येतंय! मास्तर, पुढच्या गुरुवारी याल ना?"

घरी ही हकीकत मेहुण्याने सांगितली, हातवारे करून. "ताई, तुझा नवरा गाडी घ्यायला गेला आणि विद्यार्थिनी घेऊन आला! तीही फुकट!"

बायकोने टाचण्या तोंडातून काढल्या. "जाणार आहात का गुरुवारी?"

"जावं लागेल," मास्तर म्हणाले. "पहिल्या गिअरला उचलताना अजून गचका देतात."

"अहो, पण तुम्हाला एकदा तरी चालवायला मिळाली का?"

मास्तरांनी भात कालवायला घेतला.

ते गुरुवारी गेले. त्याच्या पुढच्याही गुरुवारी. हिवाळ्याची चाहूल लागली, मैदानातलं गवत पिवळं पडलं, तरी जात राहिले. त्यांच्या मनात लोभ नव्हता असं कसं म्हणू? होता. प्रत्येक वेळी वाटायचं, आज बाई म्हणतील, मास्तर, आता तुम्ही बसा इकडे. बाई म्हणायच्या, "मास्तर, आज तिसरा टाकायचा." आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद बघून मास्तरांच्या तोंडातला शब्द तोंडातच राहायचा.

पण आणखी एक गोष्ट होती, आणि ती त्यांना आत टोचत होती. मास्तरांचा आपल्या धंद्यात एक नेम होता. ज्याच्या शेजारी आपण ब्रेकवरून पाय उचलून निवांत बसू शकत नाही, त्याला परीक्षेला पाठवायचं नाही. मॅनेजर असो नाहीतर त्याची बायको असो, तोंडावर सांगायचं, अजून नाही. आणि कोणी कोणी असे, की त्यांना सांगायचं, कधीच नाही. आता डॉक्टरबाईंच्या शेजारी त्यांची मूठ दांडीवरून एकदाही सुटली नव्हती. उलट घट्ट होत चालली होती. बाईंना आधी कडेचा कुंपणाचा खांब दिसायचा, हल्ली तोही दिसेनासा झाला होता. त्या तसं म्हणत नव्हत्या. मास्तरही म्हणत नव्हते.

म्हणायचं कसं? म्हटलं तर बाई चिडणार. चिडल्या की गाडी गेली. त्या गाड्यांच्या हॉलमध्ये, दोरीच्या आत.

एका गुरुवारी ते हॉलवाले साहेब तिसऱ्यांदा आले. घरात कोणी नाही, मैदानातून इंजिनाचा आवाज येतोय, म्हणून मागच्या फाटकातून आत शिरले. अंगात दुधाळ रंगाचा सूट. गाडी लांबून येताना दिसली तसे ते मैदानाच्या बरोबर मधोमध उभे राहिले आणि हात हलवायला लागले. माणसाला वाटतं, आपण दिसतोच. सूट घातलेल्या माणसाला तर फारच वाटतं.

"माझ्याकडे!" मास्तर ओरडले. "माझ्याकडे घ्या! माणूस!"

"कुठे आहे?" बाईंनी विचारलं, आणि गाडी सरळच राहिली.

मास्तरांचा पाय रिकाम्या पत्र्यावर धाडकन आदळला, आणि हाताने दांडी खेचली. आदल्या दिवशीच्या सरींनी जमीन ओली होती. गाडी भोवऱ्यासारखी अर्धी फिरली, चिखलाचा एक फवारा उडाला आणि इंजिन बंद पडलं.

साहेब सुखरूप होते. मात्र डबक्यात बसलेले होते, आणि सूट दुधाळ राहिला नव्हता.

"खांब होता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "साहेब होते."

मास्तरांनी जाऊन साहेबांना हात देऊन उठवलं, हातापायांना लागलं नाही ना ते पाहिलं, स्वतःच्या रुमालाने त्यांचा कोट पुसला. त्याने कोट आणखीच बिघडला. बाईही उतरून गाडीला टेकून उभ्या राहिल्या होत्या.

"लागलं का हो तुम्हाला?"

"छे, छे!" साहेब चिखल निथळत म्हणाले. ते हुशार होते. डबक्यातही त्यांना संधी दिसली. "काहीच नाही झालं! उलट मी म्हणतो बाई, काय हात आहे तुमचा! कशी फिरवलीत! या वयात!"

बाईंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. त्या मास्तरांकडे वळल्या, म्हणजे त्यांच्या कानाकडे. "तुम्ही गप्प का?"

मास्तरांना वाटलं, मीही तेच म्हणावं. काय जातं? दोन गोड शब्द, आणि गुरुवार चालू राहील, आणि कधीतरी गाडीही मिळेल. देवाने जीभ किती मऊ केलीय, हवी तशी वळते. पण त्यांच्या तळहाताला अजून दांडीचा वळ होता. तो वळ काही त्यांना खोटं बोलू देईना.

"बाई," ते म्हणाले, "इतके दिवस तुमच्या शेजारी बसतोय. माझा हात एकदाही ब्रेकवरून उठला नाही. आता पुरे. तुम्ही यापुढे चालवायचं नाही. माझ्या शेजारी नाही, आणि कोणाच्याच शेजारी नाही."

"हे तुम्ही मला सांगता?"

"माझं कामच ते आहे."

"माझीच गाडी, माझ्याच घरामागचं मैदान, आणि मलाच नापास करताय?"

"हो," मास्तर म्हणाले. "चुकलं माझंही. खांब दिसेना झाला तेव्हाच सांगायला हवं होतं. गाडीच्या लोभाने बोललो नाही."

आता मात्र बाईंचा आवाज चढला. सगळं मैदान ऐकत होतं, नशीब की मैदानात आणखी कोणी नव्हतं. मास्तर आगाऊ आहेत, मास्तरांना शिकवायचं कळत नाही, पहिल्या दिवशी आपली सीट कुठली तेसुद्धा ज्यांना सापडलं नाही त्यांनी दुसऱ्याच्या डोळ्यांना नावं ठेवू नयेत. मास्तर खाली मान घालून उभे होते. शेवटी बाई म्हणाल्या, "साहेब, घेऊन टाका गाडी. आजच. पण माझी एक अट."

"सांगा ना!" साहेबांचा चिखलही चमकला.

"दर आठवड्याला मला चालवायला द्यायची."

"अहो, हे काय सांगणं झालं! माझ्या बंगल्यामागे केवढी मोकळी जागा आहे! तुम्ही रोज या! तुमच्यासारखी चालवणारी मिळणं म्हणजे..."

"छान. मग बसा शेजारी. एक फेरी मारू, व्यवहार पक्का."

साहेब थांबले. "आत्ता?"

"आत्ता."

"म्हणजे... कपडे ओले आहेत हो. सीट खराब होईल."

"ती सीट ज्या बॅगेखाली होती ती बॅग व्यालेल्या गाईच्या वारेने भिजलेली असायची. बसा."

"पाठीचं पण दुखणं आहे मला. खाली वाकायला डॉक्टरांनी..."

"मी डॉक्टर आहे. बसा."

साहेबांनी गाडीकडे पाहिलं, बाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं, डबक्याकडे पाहिलं. त्या माणसाला वाईट म्हणू नका. जिवाची भीती कोणाला नसते? ते दोन पावलं मागे सरले. "पुढच्या वेळी नक्की," ते म्हणाले. मग बूट पचपचवत फाटकाकडे निघाले, आणि फाटकाबाहेर गेल्यावर पचपच जलद झाली.

डॉक्टरबाई कान देऊन ती ऐकत राहिल्या. ऐकू येईनाशी झाली तेव्हा गाडीच्या नाकावर हात ठेवून म्हणाल्या, "मी काम सोडलं तेव्हाही सगळे म्हणत होते, अजून कराल, तुमचा हात म्हणजे काय! एक जुना कंपाउंडर तेवढा म्हणाला होता, बाई, आता थांबा. त्याच्याशी मी वर्षभर बोलले नाही."

मास्तरांनी दारावरचा चिखल बाहीने पुसला.

"तुमच्याशी तेवढा वेळ अबोला धरायला आता माझ्याकडे वर्षं नाहीत," बाई म्हणाल्या. "किल्ली आतच आहे. घ्या. किमतीचं तुमच्या बायकोशी बोलेन, तिला व्यवहार कळतो."

मास्तरांना वाटलं, नीट ऐकू आलं नाही. पण बाई चाचपडत गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या होत्या. त्यांनी शेजारचं दार उघडलं, आत उतरल्या आणि पट्टा आवळून समोर बघत बसल्या. "गाडी घेणारा माणूस कसा चालवतो ते ऐकायचं राहिलंच होतं. बसा."

मास्तर कण्हत आत उतरले. पहिल्यांदाच त्या बाजूने. समोर लाकडी चाक, त्याला चाळीस वर्षांच्या हातांचा गुळगुळीतपणा. डावा आरसा पाहिला, उजवा पाहिला, मधला पाहिला. रिकाम्या मैदानात हात दाखवला. आणि गाडी निघाली, शिकाऊ पाटीच्या चालीने, मांडीवरच्या दह्याचं ताक होऊ नये अशा बेताने.

फाटकातून बाहेर रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना झाडं, पुढे चढ.

"मास्तर," बाई डोळे मिटून म्हणाल्या, "आपण कोणाला दवाखान्यात नेतोय का?"

"नाही."

"मग तिला का असं धरून ठेवलंय? ऐकू येत नाही? ती मागतेय."

"काय मागतेय?"

"गिअर नाही मागत, वेग मागतेय. पण तुम्ही मागाल तेवढंच ती देणार, आणि तुम्ही काहीच मागत नाही. पाय टेकवा जरा. आणखी. अहो, मोडत नाही ती!"

मास्तरांचा तो पाय, जो आयुष्यभर दाबून थांबवतच आला होता, त्याने भीत भीत दुसरं काहीतरी दाबलं. लांब नाक किंचित वर उचललं. घशातला आवाज छातीत उतरला. वारा काचेवरून उडी मारून कपाळावर आला आणि मास्तरांचे विरळ केस सगळे एकदम उभे राहिले. झाडं मागे पळायला लागली. मास्तरांना हसू येत होतं की रडू, ते त्यांनाही कळेना. ओठ हलत होते, नामस्मरण चाललं असावं.

"आता?" ते ओरडले.

"आता मी काही बोलणार नाही," बाई म्हणाल्या.

चढ संपला, उतार आला, एक वळण गेलं, दुसरं गेलं. बाईंच्या घरी परतायचं वळणही येऊन गेलं. बऱ्याच वेळाने बाईंनी मान जराशी फिरवली.

"माझं घर मागे राहिलं ना?"

"राहिलं हो. फिरवू का मागे?"

"मी म्हटलं का फिरवा?" डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि सीटवर आणखी खाली सरकून आरामात बसल्या.